तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीच्या जेवणाला सॅलड कशाला?

इथे अमेरिकेत आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात हा प्रश्न येतोच. कुणी हसत विचारतं, कुणी काळजीने, कुणी ताटात वाढून घेताना नुसतं भांड्याकडे बोट दाखवून. "बाकी सगळ्या पुरणपोळ्या, मसालेभात, अळूची भाजी आणतात आणि तू दर वर्षी हे सफरचंद घातलेलं पास्त्याचं सॅलड का आणतेस? तुला तर सगळं करता येतं!" शेवटचं वाक्य कौतुकाचं असतं हे मला कळतं. पण मला लागतं तेच. ज्याला काही येत नाही त्याने सॅलड करावं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आजवर मी "सोपं पडतं" म्हणून वेळ मारून नेली. सोपं ते अजिबात नाही. त्याच वेळात माझा मसालेभात दोनदा होईल.

सफरचंदापासून सांगते. मी कॉर्टलँडच घेते. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या कृषी संशोधन केंद्राने मॅकिंटॉश आणि बेन डेव्हिस यांच्या संकरातून काढलेली ही जात 1915 साली बाजारात आली. चिरल्यावर ती फार हळू काळी पडते, आणि हॉलमध्ये भाषणं लांबतात तेव्हा हाच गुण कामाला येतो. हनीक्रिस्प चवीला कितीही छान असलं तरी त्याला पाणी फार सुटतं. पेअर बॉस्क जातीचं, थोडं कडकच असताना घ्यायचं. पेअर आतून बाहेर पिकत येतं, त्यामुळे बाहेरून मऊ लागलं की आत गाळ झालेला असतो. देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहायचं, तिथे जरासं दबलं की घ्यायचं.

पास्ता पाकिटावर लिहिलंय त्याहून दोन मिनिटं जास्त शिजवायचा, लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मीठ घालून. गार पास्ता चिवट लागतो ही तुमची तक्रार बरोबर आहे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट होतो, फ्रिजमधल्या भाताची शितं कडक होतात ती त्याचमुळे. म्हणून आधीच थोडा मऊ ठेवायचा आणि अर्धं ड्रेसिंग तो कोमट असतानाच मुरवायचं. उरलेलं अर्धं वाढायच्या आधी. ड्रेसिंग म्हणजे सफरचंदाचं व्हिनेगर, ऑलिव्ह तेल, डिजॉन मोहरी आणि चमचाभर मेपल सिरप. केल ही कोबीच्या जातीची जाडसर पालेभाजी; तिचे जाड दांडे काढून, पानं बारीक चिरून, मीठ-लिंबू लावून हाताने चांगली चोळायची. ती निम्मी होईपर्यंत थांबायचं नाही. बटरनट भोपळ्याच्या फोडी 425 फॅरनहाइटला भाजायच्या, एकमेकींना चिकटू न देता. दाटीवाटीने ठेवल्या तर त्या भाजल्या न जाता उकडतात. वर सुकवलेल्या क्रॅनबेरी, भाजलेले पेकन, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा. चीज घेताना मी लेबल वाचते, कारण परंपरेने केलेल्या पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं आणि आपल्यातले निम्मे लोक शाकाहारी आहेत. मला कुणी हे विचारलेलं नाही, तरी वाचते. कांदा-लसूण त्यात नसतोच.

आता तुमचे आक्षेप. जेवणात फळं कशी चालतात? कोकणात आणि गोव्यात आंब्याचं सासव जेवणातच वाढतात, मोहरी वाटून घातलेलं. केळ्याची कोशिंबीर आहे, पेरूची आहे. आंबटगोड तिखट पंचामृताशिवाय तुमच्याच घरातलं सणाचं ताट पुरं होत नाही. मग सफरचंद मोहरीत घातलं की काय बिघडलं?

पास्ता आपला नाही, हा दुसरा. चांगला पास्ता ड्युरम गव्हाचा असतो आणि आपल्याकडे बन्सी रवा म्हणतात तो त्याच गव्हाचा. सांगली-साताऱ्याकडे पिकणारा खपली आणि इटलीत ज्याला फारो म्हणतात तो, हे एकाच जातीचे गहू. माझी आजी खपलीची खीर करायची. भोपळ्याचं म्हणाल तर आपला लाल भोपळा आणि हा बटरनट एकाच प्रजातीतले, आणि ती प्रजाती मुळात इकडची, अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, हे सगळं इकडूनच तिकडे गेलं. एकादशीच्या खिचडीला कुणी "ही आपली का?" असं विचारत नाही.

हे मुद्दे मला पाठ झालेत. गाडीतून येताना मनातल्या मनात तुमच्याशी कितीदा भांडले असेन. मुद्दे खरे आहेत, पण सॅलड मी ह्या मुद्द्यांसाठी आणत नाही. खपली गव्हासाठी कुणी रात्री अकरापर्यंत भोपळा भाजत बसत नाही.

एके काळी तुमच्यासारखं मीही म्हणायचे. इथे आल्यावरच्या पहिल्या ऑक्टोबरात ऑफिसमधल्या एका बाईंनी घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी मोठ्या लाकडी वाडग्यात असंच काही मांडलं: सफरचंद, अक्रोड, पास्ता, कच्ची पालेभाजी. मला वाटलं, जेवण मागून येईल. आलं नाही. घरी येऊन मी कुकर लावला आणि वरणभात खाल्ला, आणि पुढे कित्येक वर्षं तो किस्सा रंगवून सांगितला. "सॅलडने कुठे पोट भरतं?" हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य झालं. तेव्हाच्या त्या मुलीशी मी आजही वाद घालते. तिला सांगते, अगं, त्या बाईंनी त्यांच्या बागेतली सफरचंदं तुला खायला घातली होती, त्या दिवसांत त्यांच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं तुझ्यापुढे ठेवलं होतं. ती म्हणते, पण गार होतं, पास्ता चिवट होता, आणि मला घरची आठवण येत होती. तिचंही खोटं नाही. थंडी सुरू होताना, परक्या देशात, माणसाला वाफाळतं अन्नच हवं असतं. ती चूक होती असं मला म्हणता येत नाही. तिला माझं पटत नाही आणि मला तिला गप्प करता येत नाही.

पण माझी मुलगी त्या मुलीसारखी इथे येऊन पडलेली नाही. ती इथेच जन्मली. आमच्या सोलापूरला ऑक्टोबर म्हणजे पावसानंतरचा उकाडा. तिच्यासाठी ऑक्टोबर म्हणजे स्टो आणि बोल्टन ह्या इथल्या गावांच्या बागांमध्ये सफरचंदं तोडायला जाणं, पायाखाली सडलेल्या फळांचा आंबूस वास, शिडीवरून आम्हाला मारलेल्या हाका. हा ऋतू तिचा आहे. मी त्यात पाहुणी आहे.

ती बारा-तेरा वर्षांची असताना म्हणाली, "आई, या वर्षी दिवाळीला मी करणार." मला वाटलं शंकरपाळी वगैरे. तिने हे सॅलड ठरवलं होतं. शाळेत कुणाच्या तरी घरचं खाऊन आली होती आणि मग स्वतःच काय काय जोडत गेली. केलला मीठ चोळायचं तिनेच ठरवलं, मला मुळ्याला मीठ लावताना पाहून. सफरचंदं आम्ही आदल्या आठवड्यात तोडलेली होती, त्यातली डाग नसलेली तिने बाजूला काढून ठेवली आणि धाकट्याला हात लावू दिला नाही. भोपळा तिने एकटीने सोलला. बटरनटची साल काढली की हाताला एक चीक लागतो, वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी होते आणि तळव्यांवर पिवळट पापुद्रा धरतो, साबणाने जात नाही. रात्री ती हात माझ्यापुढे धरून विचारत होती, "हे उद्यापर्यंत जाईल ना? मला घागरा घालायचाय."

आणि तिने पाटी लिहिली. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात, निळ्या स्केचपेनने: "शरद रुतूचे सॅलड". ऋ तिला आठवला नव्हता. मी दुरुस्त केला नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा वाढपाच्या टेबलाशी ज्या बाई होत्या त्यांनी भांडं बघितलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "हे मुलांच्या टेबलावर ठेवू या हं. जेवण इकडे आहे." मुलांच्या टेबलावर पिझ्झा होता. पिझ्झ्याशेजारी केल कोण खाणार? मोठी माणसं त्या बाजूला फिरकली नाहीत. मुलगी नाचाच्या तयारीत होती, पण मध्ये मध्ये येऊन बघून जात होती. एकदा तिने स्वतःच एक डाव काढून घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मला तेव्हाच कळलं की ती हे का करतेय. भांडं कुणीतरी उघडलंय असं दिसावं म्हणून.

कार्यक्रम संपला. उरलेलं अन्न वाटायची घाई सुरू झाली, हॉल वेळेत रिकामा करून द्यायचा होता. मसालेभात बराच उरला होता आणि तो न्यायला भांडी कमी पडत होती. त्याच बाईंनी आमचं भांडं उचललं, काळ्या पिशवीत उपडं केलं, नळाखाली विसळलं आणि त्यात मसालेभात भरला. ह्याला दहा सेकंदं लागली असतील. मुलगी तिथेच, टेबलाच्या पलीकडे, घागऱ्यात उभी होती. बाईंनी तिला पाहिलं, गाल कुरवाळला, ती पाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "किती गोड अक्षर गं! पुढच्या वेळी आईला सांग, मस्तपैकी काहीतरी जेवणाचं कर म्हणून."

त्या बाई वाईट नव्हत्या. आहेतही चांगल्या. आमच्याकडे आजारपण आलं तेव्हा त्यांनी डबे पोचवलेत. म्हणून तर मी इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगतानाही त्या कोण हे सांगणार नाही. मसालेभात वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते केलं. अन्न वाया घालवू नये, ह्याच संस्काराने. सॅलड त्यांच्या लेखी अन्नात धरलेलंच नव्हतं, एवढंच.

गाडीत मुलगी बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "ते जेवण नव्हतं का?" मी म्हटलं, होतं. ती म्हणाली, "मग तू त्यांना का नाही सांगितलंस?"

ह्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. त्यानंतर ती आपल्या दिवाळीला आली नाही. आधी परीक्षा होती, मग रोबोटिक्स होतं, मग कारणं सांगायचीही बंद झाली. मराठी शाळा तिने त्याच वर्षी सोडली. दोन्हींचा संबंध मी जोडते, ती जोडत नाही. तिचं म्हणणं, त्या वयात तिच्या सगळ्याच मैत्रिणींनी शाळा सोडली. असेल तसं.

पुढच्या दिवाळीला मी ते सॅलड केलं आणि मुख्य टेबलावर, वरण-भाताच्या शेजारी, स्वतः उभं राहून वाढलं. तेव्हापासून करते आहे. तुम्ही विचारता ते ह्याबद्दल.

आता खरं सांगायचं तर ते कुणासाठी करते हे मला पूर्ण कळलेलं नाही. मुलगी कॉलेजात आहे. मागे फोनवर म्हणाली, "आई, तू अजून ते धरून बसलीयेस? मी तर विसरले." सुट्टीत घरी येते तेव्हा मागते काय, तर मसालेभात, वर तूप आणि खोबरं. सॅलड ती आता फारसं खात नाही. मग मी भांडतेय ते तिच्या वतीने, की त्या दिवशी दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत त्याची भरपाई म्हणून? मला दोन्ही वाटतं. कधी वाटतं हा हट्ट आहे, सोडून द्यावा, पुरणपोळ्या न्याव्यात आणि सगळ्यांचं कौतुक घ्यावं. मग सप्टेंबरात कॉर्टलँड आलेली दिसतात आणि मी पिशवी भरून आणते.

तुमच्यातल्या दोघी-तिघी हल्ली आवर्जून वाढून घेतात. एकींनी कृतीही मागितली. गेल्या वर्षी भांडं जवळजवळ रिकामं झालं. मला बरं वाटलं आणि रागही आला, की हे त्या वर्षी का नाही झालं. एवढ्या वर्षांनी राग येणं शोभत नाही असं नवरा म्हणतो. येतो खरा.

तेव्हा आणू नको असं म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा, मी ऐकून घेईन, पण आणीन. पेकनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी भोपळ्याच्या बिया घातलेलं वेगळं भांडं ठेवीन, ते मी आधीच ठरवलंय. आणि यंदा पदार्थांची यादी कराल तेव्हा माझ्या नावापुढे "मुलांसाठी" लिहू नका. मुख्य जेवणाच्या रकान्यात लिहा. मसालेभाताच्या खाली लिहिलंत तरी चालेल.