तिवराच्या पानावरचं मीठ

आज सकाळी भाचीला घेऊन ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराच्या पानांचे फोटो काढले. तिवर खाऱ्या पाण्यावर जगतं आणि जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. ऊन चढलं की पाणी उडतं आणि पानावर मिठाचे बारीक कण चमकू लागतात. पावसाळ्यात हे सगळं धुऊन जातं, म्हणून हे दिवस सोडायचे नव्हते.

समोरून फ्लॅश मारला तर नुसता पांढरा डाग येतो. उजेड पानाला घासून जाईल इतका आडवा दिला, की कणाकणाची सावली पडते, कडा दिसतात. एवढ्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भागच स्पष्ट येतो. त्यामुळे फोकस किंचित किंचित सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकात एक जोडायचे. वाऱ्यात पान स्थिर राहावं म्हणून भाचीने देठ धरून ठेवला होता. किती चिकाटी त्या पोरीत!

अमेरिकेत व्हर्माँटच्या विल्सन बेंटलीने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला. पुढे असे ५००० हून अधिक. कण उठून दिसावा म्हणून तो निगेटिव्हवरची पार्श्वभूमी खरवडून काढायचा. मला ते मान्य आहे, कारण कणाचा आकार तसाच राहतो. रंग भडक करणं मात्र मला पटत नाही.

दुसऱ्या फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवली आहे. मोठा करून बघा.