बेबीताई

घरोघरी ऑक्सिजनचं मशीन बसवायचं काम मी बारा वर्षं करतोय. गिऱ्हाईक बहुतेक म्हातारं, चुलीच्या धुरानं नाहीतर बिड्यांनी छाती गेलेलं. मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं, एक्स्टेन्शन बोर्ड काढायला लावून सरळ प्लगला जोडायचं, दहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती टक्के येतोय ते मोजायचा अ‍ॅनालायझर लावायचा, आकडा ९० च्या वर गेला की सही घेऊन निघायचं. २०२१ नंतर प्रत्येक घरात एक जाणकार तयार झालाय. तो हमखास म्हणतो, "फ्लो जरा वाढवूनच ठेवा." ऑक्सिजन म्हणजे काय पंगतीतलं तूप आहे, आग्रह करून वाढायला?

त्या दिवशीची ऑर्डर सिन्नरच्या पुढच्या एका गावातली. ऑफिसातून चिठ्ठीचा फोटो आला, खाली मेसेज : "बेबी अमुक-अमुक, २ लिटर, ५ लिटरचं मशीन, बॅकअपला बी टाइप सिलिंडर." आमच्या भागात बेबीताई नावाच्या बायका कमी नाहीत. मिनिटाला दोन लिटर म्हणजे म्हातारीचा नेहमीचा फ्लो. मी मोठ्या माणसाची कॅन्युला, म्हणजे नाकात घालायची नळी, आणि बोटाला लावायचा चिमट्याचा ऑक्सिमीटर घेऊन निघालो.

दारात रांगोळी, ओसरीवर आजी ताट घेऊन बसलेली. म्हटलं, "बेबीताई तुम्हीच का?"

"मी कशाला? नात येतीये माझी दवाखान्यातून."

नात अठ्ठाविसाव्या आठवड्यातच झालेली, ९८० ग्रॅमची. तीन महिने नाशिकला दवाखान्यात. आता २३०० ग्रॅम भरली होती, पण फुप्फुसं अजून कच्ची, म्हणून नाकात नळी घेऊनच घरी. माझा चिमटा तिच्या अख्ख्या पावलाएवढा. नशीब, पायाला गुंडाळायच्या सेन्सरचा ऑक्सिमीटर बापानं आधीच आणून ठेवला होता.

इथे मी थांबायला हवं होतं. तान्ह्या बाळाचं मशीन मी त्याआधी कधी बसवलं नव्हतं. पण कागदावर दोन म्हणजे दोन. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी फ्लो लावूनही टाकला. मशीनवरची फ्लो दाखवणारी गोटी दोनच्या रेघेवर मस्त तरंगत होती.

गाडी आली. आईनं उतरायच्या आधी आतूनच विचारलं, "दादा, लाइट गेली तर सिलिंडर किती पुरेल?"

हा हिशेब मला झोपेतही येतो. बी टाइपमध्ये दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर. दोननं भागा, ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. "बारा तास धरा, ताई."

"बारा? सिस्टर तर म्हणाल्या पाच दिवस जाईल."

"सिस्टरना सिलिंडरमधलं काय कळतं," असं मी बोललो. खरंच बोललो. आणि बोलता बोलता डोक्यात उलटा भागाकार सुरू झाला. पाच दिवस म्हणजे १२० तास, ७२०० मिनिटं. १५०० भागिले ७२००. पॉइंट दोन.

हातपाय गार पडले. दवाखान्यात फोन लावला. सिस्टर ओरडल्याच, "पॉइंट टू! दोन कोणी सांगितलं तुम्हाला?" कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावर जातं, म्हणून तर डोळे पुन्हापुन्हा तपासून सोडलंय, हेही त्यांनी त्याच आवाजात ऐकवलं. सिलिंडरमधलंही त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता खरी पंचाईत. माझ्या मशीनचा काटाच अर्ध्या लिटरपासून सुरू होतो. त्याच्या खाली नेलं की गोटी तळाला लोळते आणि 'लो फ्लो' म्हणून मशीन बोंबलायला लागतं. अशा वेळी दोन फ्लोमीटरचा स्प्लिटर लागतो : एका फाट्यानं लिटरभर हवेत सोडून द्यायचं म्हणजे मशीन गप्प, आणि दुसऱ्यावर शून्य ते एकचा पीडियाट्रिक फ्लोमीटर, त्यातून बाळाला पॉइंट दोन. सिलिंडरलाही तसलाच एक. दोन्ही नाशिकच्या गोडाऊनमध्ये. आमच्या एकाला मोटारसायकलवर पिटाळलं. दीड तास.

तोवर बाळ दारातल्या गाडीतच, दवाखान्याच्या सिलिंडरवर, त्याला छोटा फ्लोमीटर होता म्हणून. ड्रायव्हरची परतायची घाई. वेटिंगचे सहाशे कबूल केले तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. इतक्यात आजी पेटतं निरांजन घेऊन गाडीपाशी. मी आडवा आलो.

"तीन महिन्यांनी लक्ष्मी घरात येतीये आणि दिवा विझवू?"

तिला मी ऑक्सिजन आणि आगीचं समजावलं, पण तिच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. शेवटी तिनं निरांजन आत देवापुढे नेऊन ठेवलं आणि गाडीच्या दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

सामान आलं. गोटी पॉइंट दोनवर बसली. बाळ आत घेतलं, सॅच्युरेशन ९४. मी अर्धा तास तिथेच बसून राहिलो, काम संपलं होतं तरी.

ऑफिसात म्हणाले, "बाळाला काही झालं नाही ना? मग झालं तर." झालं नाही, कारण आईनं लाइटचं विचारलं. घाईत विचारायची राहिली असती तर? चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून कितीदा पाहिला. दोनच्या आधी ठिपका आहे, पण पॅडची छापील रेघ नेमकी त्याच्यावरून गेलीये. डॉक्टरांनी आधी शून्य काढलं असतं तर... पण पाळणा तर मला दिसला होता ना!

सहाशेचं व्हाउचर अजून पास झालेलं नाही. कारण नीट लिहून द्या, म्हणतात.