मार्चमधलं मसाई पठार, वणव्यानंतर

पन्हाळगडाच्या राजदिंडी दरवाजातून उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठार गाठायची वाट पावसाळ्यात माणसांनी फुललेली असते. मार्चात मात्र शुकशुकाट. आम्ही मुद्दाम तेव्हाच गेलो.

म्हाळुंग्याच्या वरची डोंगराची सोंड पायथ्यापासून माथ्याच्या धारेपर्यंत काळी पडली होती. मळलेल्या पायवाटेच्या अलीकडं सगळी राख, पलीकडं गुडघाभर पिवळं कुसळी गवत तसंच उभं. हातभर रुंदीच्या वाटेनं वणवा अडवला होता. आधीच गवत काढून मोकळा जाळपट्टा ठेवतात तो याचसाठी. वर सड्यावर, म्हणजे सपाट माथ्यावर, उघडा जांभा, गवत आखूड, तिथं आगीला खायला काही मिळालं नव्हतं. खरी हानी उतारावर. करवंदीच्या जाळ्या ऐन फुलोऱ्यात होरपळलेल्या. म्हणजे मे महिन्यात द्रोणातून करवंदं विकणाऱ्या बायकांची कमाई गेली. लावे, चंडोल जमिनीवरच घरटी करतात, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

शेरडं घेऊन आलेले एक मामा भेटले. "जाळल्याबिगर नवं गवात फुटत न्हाई म्हणत्यात. आता मिरगापातूर शेरडं काय खायाची?" समजूत जुनी आहे, पण आगीतून आधी सावरतं ते कुसळीच, आणि ती पिकली की जनावरं तोंड लावत नाहीत.

जाणार असाल तर पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत सोंड पार करा. दुपारी वारा उठतो. पाणी माणशी तीन लिटर. कपडे सुती, नायलॉन आगीत वितळून अंगाला चिकटतं. चूल नको, विडी-काडी तर नकोच. खाली धूर दिसला तर धारेकडं पळू नका. चढ साधारण 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, माणूस तिच्यापुढं टिकत नाही. आडवं जाऊन उघडा कातळ किंवा आधीच जळून निवलेली जागा गाठा, आणि वनखात्याला 1926 वर फोन लावा. फांद्यांनी आग झोडपणं माहीतगारांचं काम, ते हौसेनं करू नका.

जळालेल्या खोडांवर पाय देऊ नका, मुळं आत कित्येक दिवस धुमसतात. आणि जूनमध्ये जाणाऱ्यांनी ही सोंड सोडून दुसरी वाट धरावी: गवताचं पांघरूण गेलंय, पहिल्या मोठ्या पावसात इथली माती घसरणार.