नॉब साडेआठवर

रात्री साडेदहाला, घरात निजानीज झाल्यावर, गाणं ऐकायला बसलेला माणूस आवाज किंचित वाढवायला जातो. नॉबला बोट लागतं न लागतं तोच मल्लिकार्जुन मन्सूर शेजारच्या फ्लॅटमध्ये पोचलेले असतात. घाईने मागे फिरवावं तर आवाज कमी होता होता अख्खा डावीकडे कलंडतो, तंबोरे एका कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि आणखी केसभर मागे नेलं की सगळंच चिडीचूप. घड्याळाच्या काट्याच्या हिशेबात सांगायचं तर सात वाजता शांतता, नऊ वाजता गोंगाट, आणि ऐकण्याजोगं सगळं गाणं साडेआठच्या आसपासच्या तीळभर जागेत. नऊपासून पाचपर्यंतचं उरलेलं वर्तुळ नुसतं दाखवायला. हा नॉब ज्याचा, त्या प्रीॲम्पसाठी, म्हणजे सीडी प्लेयर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्या मधल्या यंत्रासाठी, दोन-तीन लाख मोजलेले असतात.

भारी प्रीॲम्प घेणारा माणूस महिनोन्‌महिने वाचतो, ऐकतो, मित्रांशी वाद घालतो. ऊब, पारदर्शकता, मंचाची खोली असे शब्द उडतात. आपल्या घरी, आपल्या स्पीकरवर, आपल्या नेहमीच्या आवाजाला नॉब कुठे उभा राहील, हा प्रश्न मात्र दुकानात सहसा निघत नाही. त्याचं उत्तर कागदावर दोन मिनिटांत काढता येतं.

सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र), म्हणजे सोर्स, पूर्ण जोरात २ व्होल्ट देतो. बॅलन्स्ड जोडणीतून बहुधा ४. पॉवर ॲम्पचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट मोठा करतो ते, साधारण २६ डेसिबल, म्हणजे वीसपट. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायला २८ व्होल्ट लागतात, आणि त्यासाठी पॉवर ॲम्पच्या तोंडाशी १.४ व्होल्ट पोचले की काम झालं. म्हणजे सोर्सकडे मुळातच गरजेपेक्षा जास्त आहे. घरातलं रोजचं ऐकणं सरासरी एका वॉटच्या आतलं, रात्रीचं तर वॉटच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाचं. अशा वेळी २० डेसिबल गेनचा प्रीॲम्प मध्ये बसवला, की तो आलेल्या आवाजाचा आधी नॉबपाशी गळा आवळतो आणि उरलेल्याला दहापट मोठं करतो. जुन्या काळी हे रास्त होतं. ट्यूनर आणि टेप डेक दोन-तीनशे मिलिव्होल्टवर भागवत. १९८२ साली सीडी आली, सोर्स दांडगे झाले, पण पुष्कळ प्रीॲम्पनी आपली दहापटीची सवय सोडली नाही.

म्हणून माहितीपत्रकात पहिल्यांदा गेनचा आकडा शोधावा. सीडी, डॅक, स्ट्रीमर एवढंच असेल तर ६ डेसिबल भरपूर. ०, ६, १२ असा निवडीचा खटका असेल तर सोन्याहून पिवळं. प्रीॲम्प आधीच घरात आला असेल आणि नॉब साडेआठवर अडला असेल, तर विकायची घाई नको. पॉवर ॲम्पच्या बाजूच्या प्लगमध्ये प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टर बसवायचे: सिग्नलच्या वाटेत ६.८ किलोओहम, आणि त्यानंतर सिग्नल ते ग्राउंड ३.३ किलोओहम. मेटल फिल्म, पाव वॉट, एक टक्का. आवाज दहाएक डेसिबलने खाली येतो आणि नॉब अकरा वाजेपर्यंत मोकळा फिरतो. खर्च वडापावइतका. फक्त प्रीॲम्प ट्रान्झिस्टरचा हवा. ट्यूबवाल्याला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्याला, दहा किलोओहमचा हा भार जड जातो. त्याची गोष्ट पुढे येतेच.

आवाज डावीकडे कलंडतो त्याचं कारण नॉबच्या पोटात आहे. साध्या पोटेन्शियोमीटरमध्ये, म्हणजे पॉटमध्ये, एका दांड्यावर कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डाव्या चॅनलची, एक उजव्या. दोन्हींचा चढ तंतोतंत सारखा करणं कारखान्यालाही जमत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो सुरुवातीच्या वळणावर. बरोबर तिथेच, जिथे आपला रात्रीचा आवाज राहतो. आल्प्स कंपनीचा तो निळ्या डब्यातला प्रसिद्ध पॉट चांगलाच आहे. पण साडेसात-आठ वाजता तोही दोन-एक डेसिबल इकडेतिकडे करू शकतो. विकत घेण्याआधी हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. पॉवर ॲम्प बंद ठेवावा, डॅकमधून २०० हर्ट्झचा मोनो स्वर सोडावा, आणि मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रीॲम्पच्या दोन्ही आउटपुटांवर आकडे घ्यावेत, नॉबच्या पाच-सहा जागांवर. एकीकडे १०० आणि दुसरीकडे ८९ आलं तर फरक एक डेसिबल. ७९ आलं तर दोन. एक सोसतो. दोन झाले की गायक खुर्ची सरकवून बसल्यासारखा वाटतो. स्वर २०० हर्ट्झचाच का, तर स्वस्त मल्टिमीटर चारशेच्या वर गेला की थापा मारायला लागतो.

पॉटऐवजी पायऱ्यांचा अटेन्युएटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने आवाज कमी करणारा खटका, असेल तर हा त्रास मिटतो, कारण प्रत्येक पायरीला मोजून निवडलेले रेझिस्टर असतात. पण चोवीस पायऱ्यांच्या अटेन्युएटरात दोन-दोन डेसिबलच्या उड्या असतात, आणि हवा तो आवाज हटकून दोन पायऱ्यांच्या मध्ये सापडतो. हा छळ दुकानात कळत नाही. घरी तिसऱ्या दिवशी कळतो. रिलेवाली (विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्यांची) शिडी याहून बरी: अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या पायऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या, दोन्ही चॅनल जुळे. तिची किंमत म्हणून नॉब फिरवताना आतून टकटक ऐकू येते, शेंगा फोडल्यासारखी. काहींना ती यंत्राच्या इमानदारीची खूण वाटते. काही जण पंधरा दिवसांत यंत्र विकून टाकतात. चिपवर चालणारा आवाजही आता उत्तम असतो आणि टकटकत नाही. पण 'आत चिप आहे' हे ऐकून ज्याचा जीव कासावीस होतो त्याला मोजमापं दाखवून उपयोग नसतो.

बरं, प्रीॲम्प हवाच का? सोर्स एकच, तोही डिजिटल, आणि त्यात आवाजाची सोय असेल तर प्रामाणिक उत्तर 'नको' असं आहे. अडचण इतकीच की डिजिटल आवाज ४० डेसिबल खाली आणला, तरी डॅकच्या आउटपुटवरची सूक्ष्म सरसर जागची हलत नाही. गाणं खाली येतं, ती तिथेच राहते. स्पीकर कमी संवेदनशील असतील तर ती ऐकूही येत नाही, अतिसंवेदनशील हॉर्न स्पीकरवाल्यांना येते. आणि डॅक मध्येच अडखळून पूर्ण जोरात सुरू झाला तर मधे कुणी उभं नसतं. नॉब हा दाराशी बसलेला म्हातारा आहे, त्याच्या नजरेखालून सगळे जातात.

नुसता पॉट एका डब्यात, वीज नको, गेन नको, हा पॅसिव्ह प्रीॲम्प काटकसरी माणसाला फार पटतो. त्यात दगा केबलचा. ५० किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) मध्यावर १२.५ किलोओहमपर्यंत चढतो. मीटरला १०० पिकोफॅरड धारितेची पाच मीटर केबल जोडली की २५ किलोहर्ट्झलाच तीन डेसिबल गेले. शंभर किलोओहमचा पॉट असेल तर साडेबारालाच. झांजांची धार बोथट होते आणि मालक त्याला 'गोड आवाज' म्हणतो. दहा किलोओहमचा पॉट आणि मीटरभर केबल घ्यावी, मग पॅसिव्हला नावं ठेवायला जागा नाही.

ट्यूबवाल्यांच्या बाबतीत दगा खालच्या टोकाला होतो. आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, अडवणारा भाग) आणि पुढे १० किलोओहम इनपुटचा क्लास डी (आटोपशीर, स्विचिंग पद्धतीचा) पॉवर ॲम्प अशी जोडी जमवली, की १६ हर्ट्झला तीन डेसिबल कमी. पखवाजाच्या धुमेवर त्याची सावली पडते. वर ट्यूबचा स्वतःचा इंपिडन्स एक-दोन किलोओहम असेल तर सगळ्याच आवाजातून आणखी थोडं जातं. पॉवर ॲम्पचा इनपुट इंपिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुटच्या दहापट तरी असावा, ट्यूबसाठी वीसपट बरा. १९५८ च्या सुमाराच्या मॅरँट्झ ७ या प्रीॲम्पमध्ये सहा १२एएक्स७ ट्यूब होत्या आणि समोर उभे राहिलेले पॉवर ॲम्पही ट्यूबचेच, शंभर किलोओहमच्या आगेमागचे. तिथे हा प्रश्नच नव्हता. आज तोच नमुना घेऊन बोटभर लांबीच्या क्लास डी मॉड्यूलला जोडला की लग्न जमतं, संसार होत नाही.

आता घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हा स्वर पेटीवरच्या पांढरी पाचच्या फार खालच्या सप्तकातला, पण पस्तीसएक सेंट चढा; म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा वर. गाणाऱ्याची पट्टी पांढरी एक असेल तर घरघर पंचमाजवळ बेसूर बसते. काळी एक असेल तर तीव्र मध्यमाच्या वर लटकते, आणि भूपात तीव्र मध्यम कुणी मागवलेला नसतो. दोन ओळींमधल्या शांततेत तंबोऱ्याशी तिचं हे भांडण नीट ऐकू येतं. ती आवाज वाढवला की वाढते का, हे आधी पाहावं. वाढत असेल तर ती नॉबच्या आधी शिरते: सोर्स, केबल, टर्नटेबलची ग्राउंड वायर. वाढत नसेल तर नॉबनंतर, बहुधा प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पमधल्या अर्थिंगच्या फेऱ्यात (ग्राउंड लूप). मग एकेक इनपुट उपटत जावं. पुष्कळदा गुन्हेगार सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स केबल निघते, कारण ती गच्चीवरून स्वतःचं अर्थिंग घेऊन घरात येते. तिला आयसोलेटर लावावा, किंवा आवाज ऑप्टिकलने घ्यावा. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्यावीत. आणि थ्री-पिनची जाड, अर्थिंगची पिन काढून टाकणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला चहा देऊन परत पाठवावं. घरघर थांबते हे खरं, पण आतला एक तार सुटून पत्र्याला लागला की तो पत्रा, म्हणजेच आपलं बोट टेकतं ती नॉबभोवतीची चकचकीत ॲल्युमिनियमची पाटी, २३० व्होल्टवर जाते.

अमेरिकेहून नातेवाइकांनी बॅगेत घालून आणलेला प्रीॲम्प असेल तर मागची पाटी दोनदा वाचावी. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जरा जास्त तापतो, गुणगुणतोही.

चालू करण्याचा क्रम सगळ्यांना पाठ असतो: आधी प्रीॲम्प, मिनिटभराने पॉवर ॲम्प, बंद करताना उलट. हा क्रम मोडते ती वीज. गेली आणि दहा मिनिटांनी आली की सगळं एकदम जागं होतं. आउटपुटला म्यूट रिले नसलेला प्रीॲम्प त्या वेळी जो धक्का देतो, तो पॉवर ॲम्प वीसपट करून वूफरला पोचवतो. वीज गेली की अंधारात चाचपडत आधी पॉवर ॲम्पचं बटण बंद करायचं, मेणबत्ती नंतर.

यंत्र कायम चालू ठेवावं की नाही यावर दोन पंथ आहेत. हिशेब असा. १०५ अंशांना २००० तासांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ५५ अंशांत ठेवला तर दर दहा अंशांना आयुष्य दुप्पट धरून ६४,००० तास होतात. चोवीस तास चालू ठेवला तर सात वर्षं आणि काही महिने. पाच हजार तासांची ट्यूब तशीच जळत ठेवली तर सात महिन्यांत संपते; रोज तीन तास वापरली तर साडेचार वर्षं पुरते. ट्रान्झिस्टरवाला पावसाळ्यात चालू ठेवायला हरकत नाही. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर आतली ऊब रिलेच्या संपर्कबिंदूंना काळं पडू देत नाही. ती ऊब पालीलाही आवडते. केबलसाठी कपाटाच्या पाठीला पाडलेल्या भोकाला मच्छरदानीची जाळी लावावी. ट्यूबवाल्यात अडीचशे-तीनशे व्होल्टवर पाल चढली की दोघंही जातात.

नॉब फिरवताना खरखर आली तर वीज बंद करून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीसदा फिरवावा. नाही गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब. दारांच्या बिजागऱ्यांचा स्प्रे मुळीच नको. साफ करून महिनाभरात खरखर परत आली तर दोष धुळीचा नसतो. आधीच्या टप्प्यातला कपॅसिटर गळत असतो आणि पॉटवर डीसी चढलेला असतो. मीटर डीसीवर लावून पाहावं. पाच-दहा मिलिव्होल्टच्या वर दिसलं की पॉट बदलण्यात पैसे घालू नयेत, कपॅसिटर बदलावा.

दोन प्रीॲम्पची तुलना करताना त्याच मीटरने दोघांचे आवाज ०.२ डेसिबलच्या आत, म्हणजे दोन टक्क्यांवर जुळवून घ्यावेत. एरवी अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला जिंकतो, आणि ऐकणारा त्याला 'जिवंतपणा' असं नाव देऊन चेक फाडतो.

शेवटी एक बटण, जे हल्लीच्या महाग यंत्रांतून बहुधा गायबच झालंय. बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या ज्याच्या कपाटात आहेत, त्याने प्रीॲम्प घेताना समोरच्या पाटीवर 'मोनो' शोधावं. त्या तबकडीचा आवाज खोबणीच्या आडव्या हालचालीत असतो. खरवड आणि धूळ सुई उभीही हलवतात. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला टर्नटेबलचा भाग) उभं-आडवं दोन्ही उचलतं. मोनो दाबलं की दोन्ही चॅनलची बेरीज होते, आडवं उरतं, उभं एकमेकांना खोडून टाकतं. सुई मात्र तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते, एलपीची ०.७ मिलची त्या रुंद खोबणीत तळाशी घरंगळत राहते. मोनो नसलेलाच प्रीॲम्प घरात असेल तर दोन वाय-केबल (दोन वाटांची एक करणाऱ्या) तोंडाला तोंड लावून टर्नटेबल आणि फोनो स्टेज (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) यांच्या मधे बसवाव्यात, आणि एलपी लावण्याआधी आठवणीने काढाव्यात.