काल बोट जात नव्हतं

बांधकाम मजुरांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. सोलापुरात ते सकाळी सातलाच उरकावं लागतं, ऊन चढलं की कुणाचं लक्ष राहत नाही. त्या दिवशी जुळे सोलापूरकडच्या एका साइटवर ड्रेनेजच्या पाइपसाठी चर खणलेला होता. ८ फूट खोल, जेमतेम ३ फूट रुंद. आदल्या रात्री जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेलेला आणि जेसीबीने काढलेली काळी माती अगदी काठालाच रचलेली.

दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्या आणि आडवे टेकू हवेत, काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब हवी. हे मी प्रत्येक साइटवर सांगतो. माना डोलतात, हजेरीपत्रकावर अंगठे उमटतात, मग कुणीतरी विचारतं, "सर, ९० दिवसांचा दाखला कोण देणार? भांडी कधी मिळणार?" त्यांचं काहीच चुकत नाही, ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर होणारी कामगार मंडळाची नोंदणी आणि मंडळाकडून मिळणारी भांडी हा त्यांचा हक्क आहे. पण चराचं बोलणं तिथंच राहून जातं.

म्हणून त्या दिवशी मीटर आणि टन बाजूला ठेवले. विचारलं, "एक ब्रास वाळूची ट्रॉली रिकामी करायला किती जण लागतात?"

"चौघं. तास तरी जातोय की."

मी काठीने जमिनीवर आखून दाखवलं. ६ फूट लांब, ८ फूट उंच, २ फूट जाड एवढा ढपला सुटला तर ९६ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास. ओल्या मातीचं वजन ४ टनांच्या वर. "ती छातीपर्यंत आली आणि डोकं मोकळं राहिलं, तरी छाती फुगायला जागा नाही, श्वास घेता येत नाही. आता सांगा, तुम्हाला उकरून काढायला चौघांना किती वेळ लागेल?"

कुणी बोललं नाही. मग मागून घमेलं वाहणाऱ्या एक मावशी, अक्कलकोटकडच्या, म्हणाल्या, "सर, ती भेग बघा की वो. काल बोट जात नव्हतं, आज जातंय."

काठापासून दोन हातांवर, चराला समांतर भेग होती. उन्हाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पाणी मिळालं की ही माती फुगते, भेगा मिटतात. ही पावसानंतर रुंदावली होती. मावशींनी बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"मावशी, काल कुणाला सांगितलं नाही?"

"आम्हाला कोण विचारतंय?"

ते वाक्य मला फार लागलं. इतक्या वर्षांत मीही सांगतच आलो होतो.

मुकादम पाइप आजच टाकायचे म्हणून अडून बसला. ठेकेदार फोनवर चिडला. चरात कुणी उतरणार नाही, हे मी जागेवरच कागदावर लिहून दिलं आणि सगळ्यांना लांब बसवलं.

पावणेअकराला भेगेकडची बाजू गेली. मोठा आवाज नाही, नुसतं धप्प. आदल्या दिवशी टाकलेले दोन पाइप दिसेनासे झाले.

मुकादमाने माणसं मोजली. अकरा. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.