सिस्टरांची चिठ्ठी

रुग्णालयातल्या वॉर्डसाठी बनवलेल्या एका सॉफ्टवेअरची वापरसुलभता तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. तापमान, नाडी, रक्तदाब, दिलेली औषधं असं सगळं नर्सनं एका लांबलचक फॉर्ममध्ये भरायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. ह्युरिस्टिक तपासणी, म्हणजे ठरलेल्या तत्त्वांवर तज्ज्ञांनीच करायची पाहणी, आधीच उरकली होती. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांची १९९४ची दहा तत्त्वं समोर ठेवून आम्ही प्रत्येकानं वेगवेगळं बसून सगळे स्क्रीन पालथे घातले आणि मग याद्या जुळवल्या. फिकट अक्षरं, एकमेकांना खेटलेली बटणं, एका पानावर दिवस आधी तर दुसऱ्यावर महिना. नेहमीचाच माल.

चाचणीसाठी पाच नर्सेस बोलावल्या होत्या. पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हे या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. तो आकडा नीलसन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या सूत्रातून येतो आणि एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं त्यात धरलेलं आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. अडचण उद्भवायला जी परिस्थिती लागते तीच खोलीत नसेल, तर पाच काय, पन्नास बोलवा.

त्या दिवशीच्या सिस्टर वयानं मोठ्या, हाताला वेगवान. मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करा, असं मी सांगितलं होतं. बऱ्याच जणांना ते अवघड जातं, यांना अजिबात गेलं नाही. शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसलेले डेव्हलपर खूश होते. दिलेली सगळी कामं झाली, वेळही छान. शेवटी एसयूएस, म्हणजे ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’, भरून घेतली. जॉन ब्रुकनं १९८६ साली तयार केलेली ही दहा विधानांची प्रश्नावली, गुण ० ते १००, आणि ६८ म्हणजे साधारण सरासरी. सिस्टरांचे गुण आले ९२.५.

पण माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे होती. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक वेळी त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून त्यावर सगळे आकडे लिहिले होते. बारीक अक्षरात, रुग्णागणिक एक ओळ. ‘जतन करा’ दाबल्यावर ती ओळ खोडायची आणि पुढे जायचं. सतत बोलणाऱ्या बाई या चिठ्ठीबद्दल मात्र चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

“सिस्टर, ही कशासाठी?”

“असू द्या हो, सवय आहे.”

सवय म्हटल्यावर मी ताठ बसले. आणखी एक काम कराल का, असं विचारलं, आणि फॉर्म निम्मा भरून झाल्यावर त्यांना बाहेर बोलावून घेतलं. वॉर्डात होतं तसंच. कुठेतरी घंटा वाजते आणि हातातलं सोडून धावावं लागतं. पंधरा मिनिटांनी परत आलो. उरलेले रकाने भरून त्यांनी ‘जतन करा’ दाबलं आणि समोर आलं लॉगिनचं पान. पासवर्ड टाकला. फॉर्म कोराकरकरीत.

सिस्टर चिडल्या नाहीत, थांबल्यासुद्धा नाहीत. चिठ्ठी उलगडून त्यांनी सगळे आकडे पुन्हा टाकले. “झालं,” म्हणाल्या.

आमच्या एकाही तपासनिसानं फॉर्म अर्धा टाकून उठायचा विचार केला नव्हता, आणि प्रश्नावलीत सिस्टरांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. चिठ्ठी जवळ असताना ते सॉफ्टवेअर त्यांना खरोखरच सोपं होतं. आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेच्या व्याख्येत परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तिघांबरोबर ‘ठरावीक वापरसंदर्भात’ अशी अट आहे. अहवालात पहिल्या तिघांचे तक्ते होतात, अटीकडे कुणी बघत नाही. आमच्या शांत खोलीत घंटा नव्हती, हाक मारणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळच्या बैठकीत या अडचणीची तीव्रता ठरवताना जुंपली. मापन ० ते ४. ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडायचंच नाही. मुख्य डेव्हलपरचं म्हणणं, “काम तर पूर्ण झालं ना? दोन द्या. आपोआप लॉगआउट हा सुरक्षेचा नियम आहे, तो काढता येणार नाही.” नियमाबद्दल त्यांचं बरोबर होतं. रुग्णाची माहिती उघड्या स्क्रीनवर ठेवून जाणं कुणालाच परवडणारं नाही. मी म्हणाले, लॉगआउट राहू द्या, पण भरलेलं जपून ठेवा. आणि काम पूर्ण झालं ते चिठ्ठीमुळे, तिचं श्रेय तुम्ही घेऊ नका. तडजोड होऊन तीन ठरले.

पुढच्या आवृत्तीत अर्धवट नोंद जपून ठेवायची सोय झाली. या फेरीत प्रत्येकीला मध्येच उठवायचं, हे आम्ही कामांच्या यादीतच लिहून टाकलं. एक सिस्टर बाहेरून आल्या, घाईत दुसऱ्याच रुग्णाचं पान उघडलं, आणि जपून ठेवलेले आकडे त्या पानावर निमूटपणे येऊन बसले. रक्तदाब एकाचा, नाव दुसऱ्याचं. याला चार देताना कुणी वाद घातला नाही.