भाजलेल्या घराच्या शोधात पाँडिचेरीला

पाँडिचेरीला लोक पिवळ्या फ्रेंच गल्ल्यांत फोटो काढायला जातात. मी गेले भाजलेलं घर बघायला. भाजलेलं म्हणजे अगदी विटांच्या भट्टीसारखं.

रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघा अमेरिकनांनी १९७१ साली इथे गोल्डन ब्रिज पॉटरी ही मातीच्या भांड्यांची कार्यशाळा सुरू केली. मीकर वास्तुकलाही शिकलेले. भट्टीतली जवळपास ४० टक्के उष्णता भिंतीच गिळतात, हे त्यांना सलत होतं. मग भट्टीच राहायला का वापरू नये? जागेवरच्या मातीच्या कच्च्या विटांचं कमानदार घर बांधायचं, पोटात आणखी विटा-कौलं रचायची आणि काही दिवस जाळ घालायचा. घरही पक्कं, वर विकायला माल. गरिबाला पावसात न विरघळणारं घर परवडावं, हा हेतू.

पाँडिचेरीजवळच्या ओरोव्हिल या वसाहतीत असं एक घर परवानगी काढून पाहिलं. भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं, तर टण्ण! मडकं घेताना वाजवतो तसं. रंग मात्र कुठे तांबडा-जांभळट, कुठे फिकट, करपलेल्या भाकरीसारखा.

मुंबईच्या जे.जे.त शिकलेल्या वास्तुविशारद अनुपमा कुंडू यांनी मीकरना सोबत घेऊन पाँडिचेरीजवळ बेघर मुलांसाठी अशीच घरं भाजली. खिडक्यांना सायकलची जुनी चाकं! तिथे मुलं राहतात, ते प्रदर्शन नव्हे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेला विचारल्याशिवाय जाऊ नका.

खरं सांगायचं तर ही घरं फार पसरली नाहीत. मजूर खूप, सरपण खूप, आणि जाळ कमी पडला तर घरच कच्चं. पसरली ती भांडी. पॉटरीत हाताखाली शिकलेल्या स्थानिकांनी आणि बाहेरून शिकायला आलेल्यांनी पुढे स्वतःच्या भट्ट्या टाकल्या. मला तरी हा बदल घरांपेक्षा मोठा वाटतो, जरी तो कुणी योजलेला नसला तरी.

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने बस घ्या, साधारण १५० किलोमीटर. थंडीत जा, उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहवत नाही. पॉटरीत फोन करूनच जा, रिक्षाचं भाडं आधी ठरवा. ओरोव्हिलसाठी स्कूटर भाड्याने घेतलेली बरी, अंतरं फसवी आहेत.

आणि कप घेतलात तर हातातल्या पिशवीत ठेवा. मी साडीत गुंडाळून बॅगेत टाकला होता. घरी उघडलं तर कान वेगळा, कप वेगळा. आता त्यात पेनं ठेवते.